मदत हवी आहे: पत्त्यांच्या जादूसाठी कॅटमधल्या सगळ्या 52 पत्त्यांचे क्रमांक पाठ करावेत का?

सी स्टेबिन्स रचनेवर (कॅट आधीच ठरावीक क्रमाने लावण्याची एक पद्धत) काम छान चालतं. दर पत्ता 3 ने पुढे, रंग ठरलेल्या फेऱ्यात: किलवर चौकी, बदाम सत्ती, इस्पिक दश्शी, चौकट राजा. पण कॅट पसरला की काळा-लाल एकाआड एक दिसतो. शिवाय प्रेक्षकाने पत्ता सांगितल्यावर तो कितवा, हे हिशेबानेच काढावं लागतं.

पाठ केलेल्या कॅटमध्ये हिशेब एका वजाबाकीचा. मागितलेला पत्ता 31 वा आणि कट केल्यावर तळाशी 28 वा दिसला, तर तो वरून तिसरा. पाठांतराकडे वळण्याचं खरं कारण हेच वाटतं.

पाठ करायच्या रचनांपैकी निमोनिका नव्या कोऱ्या कॅटपासून फॅरो शफलने (कॅटचे दोन अर्धे भाग अचूक एकाआड एक गुंफून) लावता येते, अ‍ॅरन्सन रचनेमध्ये पोकरचे डाव आधीच बसवलेले आहेत. फॅरो अजून पक्का नसेल तर कोणती घ्यावी?

आणखी एक अडचण. ओळीने पाठ केलं की 37 आठवायला 30 पासून मोजावं लागतं. पत्त्यावरून क्रमांक आणि क्रमांकावरून पत्ता, हे दोन सराव पहिल्या दिवसापासून एकत्र करावेत की एकेक? रोज किती पत्ते वाढवावेत?