आधी आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) बघा, मग बॉनेट उघडा

जुन्या गाडीच्या इंजिनाच्या कामात साठ हजार घालण्यापेक्षा वर भर टाकून दोन लाखांत दुसरी सेकंडहँड गाडी घ्यावी, हे या चर्चेत कुणीतरी मांडलेलं मत मला पूर्ण पटतं. मीही तेच केलं. मेकॅनिकने माझ्या जुन्या गाडीची डिपस्टिक (इंजिन ऑइल तपासायची पट्टी) काढून दाखवली तेव्हा ऑइलचा रंग दुधाच्या चहासारखा झाला होता, म्हणजे त्यात पाणी उतरलेलं. त्या गाडीत आणखी पैसे घालण्यात अर्थच नव्हता.

पण इथे सगळे टायर, गंज आणि किलोमीटरबद्दलच बोलताहेत, कागदांचं कुणीच काढलं नाही. मी घेतलेल्या गाडीचं कर्ज आधीच्या मालकाने कधीच फेडलं होतं, तरी आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म 35 (बोजा काढण्याचा अर्ज) दिल्याशिवाय तो उतरत नाही, आणि आमची ट्रान्सफर तिथेच अडली. मालक बदली होऊन परगावी गेलेले, त्यामुळे एका सहीसाठी दोन महिने गेले. पैसे मात्र मी आधीच देऊन बसलो होतो! तेव्हा टोकन देण्याआधी आरसीवरची हायपोथिकेशनची, म्हणजे बँकेच्या बोजाची ओळ नक्की वाचा. नोंदणीची तारीखही बघा. खासगी गाडीची आरसी 15 वर्षांची असते, पुढे नूतनीकरणाला फिटनेस तपासणी, 5000 रुपये फी आणि वर पर्यावरण कर. 13 वर्षांची गाडी स्वस्त मिळाली तरी हा खर्च दोनच वर्षांवर आलेला असतो, तो धरूनच भाव करा.