थेल्मा रिटरचे दोन जुने सिनेमे कुठे मिळतील?

मंडळी, मदत हवी आहे. ‘रिअर विंडो’मधली (1954) फटकळ नर्स स्टेला आठवते? ती थेल्मा रिटर. सहा वेळा ऑस्करचं नामांकन, पुरस्कार एकदाही नाही! ‘ऑल अबाउट ईव्ह’ आणि ‘पिकअप ऑन साउथ स्ट्रीट’ पाहून झालेत. दुसऱ्यात ती टाय विकता विकता पोलिसांना खबरा देते, बरं दफन व्हावं म्हणून पै पै साठवते. तो थकलेला चेहरा डोक्यातून जात नाही.

अडलंय ते ‘द मेटिंग सीझन’ (1951) आणि ‘विथ अ साँग इन माय हार्ट’ (1952) या दोघांवर. पहिल्यात ती सुनेच्याच घरात स्वयंपाकीण म्हणून राहते, सुनेला पत्ताच नाही.

माझ्याकडच्या ओटीटींवर नावं टाकून पाहिली, नाहीत. यूट्यूबवर नुसते तुकडे. अमेरिकेहून डीव्हीडी मागवली तर ती रीजन 1 ची, माझा प्लेअर रीजन 5 चा, म्हणजे चालणार नाही (डीव्हीडी आणि प्लेअर जगाच्या ठरावीक भागापुरते, म्हणजे ‘रीजन’पुरते, बांधलेले असतात). टोरंट नको. भाड्याने चालेल, विकत घ्यायलाही तयार आहे, फक्त इंग्रजी सबटायटल्स हवीत. आईला ऐकायला कमी येतं.

भारतात बसून हे दोन अधिकृतपणे कुठे बघता येतील? की सरळ सगळे रीजन चालणारा प्लेअरच घेऊ?