जिनी आला असता, तर कुठल्या भाषेत मागितलं असतं?

शहापूर, बेळगाव (धागा काढणारी)

परवा लेकीबरोबर 'आय ड्रीम ऑफ जिनी'चा पहिला भाग बघितला. मूळ अमेरिकन मालिका १९६५ ते १९७० अशी चालली, एकूण १३९ भाग. आमच्या घरी ती आली नव्वदच्या दशकाच्या शेवटी, सोनीवर, हिंदी बोलत. अंतराळवीर टोनी निर्जन बेटावर उतरतो, त्याला बाटली सापडते, धूर निघतो आणि जिनी बाहेर येते. हे सगळं आठवत होतं. विसरले होते ते पुढचं. ती फारसीत बोलायला लागते, त्याला एक अक्षर कळत नाही, आणि तो म्हणतो, हिला इंग्रजी आलं असतं तर! लगेच तिला येतं.

म्हणजे सोनंनाणं, राजवाडा राहिला बाजूला, आधी भाषा लागली. घरात मराठी, भाजीबाजारात कन्नड आणि टीव्हीवर हिंदी अशात वाढलेल्या मला हे बघून गलबलून आलं. तुम्ही लहानपणी जिनीकडे, परीकडे, दिव्याकडे काय मागितलंत? आणि कुठल्या भाषेत? लिहा, छोटंसं असलं तरी.

नंदगडचा

आमच्या वेळी 'अलिफ लैला'. रामानंद सागरांची, दूरदर्शनवर १९९३ पासून. गल्लीत टीव्ही एकच होता. आमचा भाग जंगलाच्या कडेचा, पावसात करंट गेला की कधी येईल सांगता यायचं नाही. मी आज्जीची पितळी समई घेऊन बसायचो, चिंच आणि राख लावून घासायचो. एकच मागणं, मालिका सुरू व्हायच्या आत करंट येऊ दे. आज्जीला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. ती म्हणायची, "घास की अजून, बुडाला काळं र्‍हायलंय बघ." एकदा खरंच घासता घासता बल्ब लागला. ती समई आता माझ्याकडे आहे. दिवाळीला दुसऱ्या कुणाला घासू देत नाही.

निपाणीची लेक

माझी 'सोनपरी'. २००० साली स्टार प्लसवर सुरू झाली. फ्रूटीकडे सोनेरी गोळा असतो, त्यातून सोनपरी आणि अल्तू येतात. सोनपरी काम नीट करते. अल्तू मनाने चांगला, पण त्याच्या हातून जादूचा घोळ होतो.

आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. मजुरी हजारावर. मालिका लागली की ती मान वर न करता नुसती ऐकायची, बोटं चालूच. पण पहिल्यांदा सोनपरी दिसली तेव्हा आईचे हात थांबले. "ही आपली रमा की गे!" 'स्वामी' मालिकेत रमाबाई झाल्या होत्या त्याच या, मृणाल कुलकर्णी. 'स्वामी' लिहिणारे रणजित देसाई कोवाडचे, म्हणजे बेळगावच्या शेजारचेच, आणि आईचं माहेरही त्याच बाजूला. परी आमच्याच माणसांतली निघाली, असं मला तेव्हा वाटलं. मग तिच्याशी हिंदीत कशाला बोलायचं?

एका चेंडूला उदबत्तीच्या पुड्याचा सोनेरी कागद चिकटवला आणि मराठीत मागायचं ठरवलं. पण काय मागायचं याचा विचार करण्यात किती दिवस गेले! 'आईचं काम संपू दे' म्हटलं आणि काम कायमचंच संपलं तर? मग मजुरी कुठून येणार? 'विड्या आपोआप होऊ देत' म्हटलं आणि अल्तूने तंबाखू न घालताच वळल्या तर? कारखान्यात त्या बाजूला काढतील. मालिका बघून एवढं पक्कं कळलं होतं की जादू आपण बोललेलं ऐकते, मनातलं नाही. शेवटी वहीत लिहून काढलं: 'आज आईच्या हजार विड्या चांगल्या भरून, दोरा बांधून, मी झोपायच्या आधी होऊ देत आणि उद्याही काम मिळू दे.' ते रोज म्हणायचे. आणि म्हणताना आपोआप आईच्या शेजारी बसून दोरा बांधायला लागले. तेव्हा दिवसाच्या विड्या खरंच लवकर व्हायच्या.

कॅम्प भागातून

जिनीची ती प्रसिद्ध बाटली म्हणजे जिम बीम कंपनीने १९६४ साली नाताळासाठी काढलेली दारूची बाटली, वरून रंगवलेली. माझ्या दादाने सरबताच्या रिकाम्या बाटलीवर हुबेहूब तशी नक्षी काढली होती. एवढंच सांगायचं होतं.

चिकोडीकर

आमच्याकडे शेजारची मुलगी जिनी व्हायची. घर कन्नड, आमचं मराठी, मधे एक तुळशीकट्टा. रांजणाआडून उठायची आणि विचारायची, "एन बेक?" काय पाहिजे? शेंगा मागितल्या की काम सोपं, कन्नडातही शेंगाच. एका सोमवारी आज्जीला शंकराला वाहायला बेल हवा होता. मी जिनीला म्हटलं, "बेल आण." ती धावत घरी गेली आणि मूठभर गूळ घेऊन आली. तिच्या भाषेत गुळाला बेल्ल म्हणतात! आज्जीने विचारलं, कुठून आणलास गे? मग तो गूळ वाटीत घालून देवापुढे ठेवला. "चांगलं झालं, नैवेद्य राहिलाच होता." त्या सोमवारपासून मला कन्नड शिकायची गोडी लागली. नंतर शाळेत कन्नडचा तास आला तेव्हा वर्गात सगळ्यांत जास्त शब्द माझ्याकडे होते.

जांबोटीजवळून

मी सगळ्यांत उशिरा लिहितेय. मुलं आता 'अलादीन, नाम तो सुना होगा' मधल्या जिनूवर खूश आहेत, म्हणून हे आठवलं.

बाबा गोव्यात कामाला होते. चोर्ल्याच्या रस्त्याने शनिवारी रात्रीच्या बसने यायचे, तेही दर शनिवारी नाही. माझ्याकडे तेलाची जुनी चिमणी होती, तीच माझा दिवा. "बाबांना आण," एवढंच मराठीत, हळू आवाजात. पण ज्या शनिवारी ते येणार हे आईकडून कळलेलं असायचं, त्याच शनिवारी मागायचे. दुसऱ्या शनिवारी चिमणीला हातही लावायची नाही. त्याला जमलं नसतं, तर त्याला वाईट वाटलं असतं ना.