पहिल्यांदाच रायटर म्हणून जातेय, काय काय लक्षात ठेवू?

सदाफुली:
नमस्कार, मी पुण्यात एसवाय बीएला आहे. परवा कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज आला की टीवायच्या एका अंध ताईला राज्यशास्त्राच्या पेपरला रायटर (ती सांगेल ते उत्तर लिहून देणारी) पाहिजे, ठरलेली मुलगी ऐनवेळी नाही म्हणाली. मी लगेच हो कळवलं आणि आता धास्ती वाटतेय, कारण माझा विषय वेगळा, अक्षर बरं आहे पण स्पीड नाही, तिची वर्षभराची मेहनत माझ्यामुळे वाया गेली तर? कोणी केलंय का हे?

पिंपळपान:
सहा वर्षं जातोय. विषय वेगळा आहे ते बरंच आहे. केंद्राच्या 2018च्या गाइडलाइन्सप्रमाणे स्वतः आणलेला रायटर परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालचा लागायचा, तू एसवायची आहेस म्हणजे त्यात बसली असतीस, आता काय चालतं ते ऑफिसात विचार. ऐनवेळी रायटर बदलायची सोयही त्यातच होती, फक्त आयकार्ड घेऊन आधी ऑफिसात जाऊन ये. स्पीडचं टेन्शन नको, तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, 3 तासांचा पेपर असेल तर पूर्ण 1 तास. पेपर हातात आला की आधी सगळा वाचून दाखव, मार्कांसकट. आणि प्रश्न परत वाच म्हणाली की परत वाच, पाचव्यांदा का असेना, आवाजात कंटाळा येऊ द्यायचा नाही.

देवराई:
मी स्वतः पूर्ण अंध आहे, आता बँकेत नोकरीला, म्हणून समोरच्या बाजूने सांगतो. कॉलेजात एका रायटरने मला मदत व्हावी म्हणून उत्तरात मनाच्या दोन ओळी घातल्या, नंतर वाचून दाखवलं तर चुकीच्या, खोडण्यात वेळ गेला. भला माणूस होता, पण पेपर माझा होता ना. याउलट बारावीला रायटर आलाच नाही तेव्हा शेजारची दहावीतली पोरगी शाळा बुडवून धावत आली. अर्थशास्त्रातले निम्मे शब्द तिने आयुष्यात ऐकले नव्हते, प्रत्येक अवघड शब्दाला थांबून "दादा, र्‍हस्व की दीर्घ?" विचारायची, आणि मी बोललो तेवढंच लिहायची. तो पेपर माझा होता, पास झालो तो माझ्या अभ्यासावर. तिचे उपकार अजून विसरलो नाही. तू पण तेवढंच कर, ती सांगेल ते लिही, नाही कळलं तर विचार. आणि वर्गात नेताना हात धरून ओढू नकोस, तुझं कोपर तिला धरू दे, अर्धं पाऊल पुढे चाल, पायऱ्या आल्या की सांग.

सदाफुली:
दादा, कोपराचं खरंच माहीत नव्हतं, थँक्यू. आत्ताच ताईला फोन केला, उद्या 4 वाजता हॉस्टेलवर बोलावलंय, मागच्या वर्षीचा पेपर घेऊन सोबत बसणार आहोत. तोवर "न्यायालयीन पुनर्विलोकन" आणि "सार्वभौमत्व" दहा-दहा वेळा लिहून ठेवते, म्हणजे तिथे हात अडायला नको.