कोकण किनाऱ्यावरची स्पोर्ट्स कार: पावसाळ्यात झाकून ठेवावी की चालवावी?

सुरूबन (रत्नागिरी):

आपल्या किनारपट्टीवर अलीकडे पोर्शे, मस्टँग अशा गाड्या अधूनमधून दिसू लागल्या आहेत. त्यांच्या मालकांमध्ये एक समज पक्का बसला आहे, तो असा की मिरगाच्या आधी गाडी धुऊन, कव्हर घालून शेडमध्ये लावावी आणि थेट दसऱ्याच्या पूजेला बाहेर काढावी. माझे मत याच्या नेमके उलट आहे. खाऱ्या हवेत आधुनिक स्पोर्ट्स कार चालवण्यापेक्षा उभी ठेवल्याने अधिक खराब होते.

पत्रा गंजण्याची भीती आपण जुन्या गाड्यांवरून उचलली आहे. पोर्शेने आपल्या ९११ या मॉडेलच्या सांगाड्याला १९७६ च्या मॉडेलपासूनच जस्ताचा मुलामा दिला, आणि २०१८ मध्ये आलेल्या पिढीत तर बाहेरचा बहुतेक पत्रा ॲल्युमिनियमचा आहे. खारी हवा धरते ती सांध्यांना. ॲल्युमिनियमला जिथे पोलादी बोल्ट भिडतो तिथे खारट ओलावा मुरला, की दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होऊ लागते. कव्हरखाली हा ओलावा वाळतच नाही. ब्रेकच्या डिस्क ओतीव लोखंडाच्या असल्याने एका रात्रीत त्यांच्यावर नारिंगी थर येतो. गाडी निघाली तर पहिल्या चार ब्रेकांत तो पुसला जातो, पण महिना-दीड महिना उभी राहिली तर पॅडच्या आकाराचा डाग डिस्कवर कायमचा उमटतो आणि पुढे प्रत्येक ब्रेकला पेडल थरथरते. शिवाय अलार्म आणि रिमोटचे रिसीव्हर गाडी बंद असतानाही बॅटरी पीत असतात. पावसात आसऱ्याला आलेले उंदीर वायरिंग कुरतडतात ते वेगळेच.

म्हणून उघडीप पाहून आठवड्यातून एकदा गाडी बाहेर काढावी आणि तेल पूर्ण तापेपर्यंत चालवावी. इंजिनच्या पाण्याचे तापमान दाखवणारा काटा लवकर वर येतो, तेल मागाहून तापते, हे लक्षात ठेवावे. शेडमध्येच दहा मिनिटे इंजिन सुरू ठेवण्याची जी पद्धत आहे, तिने तेलात आणि सायलेन्सरमध्ये पाण्याची वाफ साचण्यापलीकडे काही साधत नाही.

घाटमाथा (कोल्हापूर):

सुरूबन यांनी गाडीविषयी जे लिहिले आहे त्याच्याशी माझा वाद नाही. ती गाडी ज्या रस्त्यावर काढायची त्याविषयी त्यांनी एक अक्षरही लिहिलेले नाही, यावर माझा आक्षेप आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले, आणि त्यानंतरचा प्रत्येक पावसाळा आपण सर्वांनी त्यावरून प्रवास करूनच पाहिला आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. गावोगावचे गतिरोधक या मापाच्या आसपासही नसतात. उंच आणि अरुंद उंचवट्यावर लांब व बुटकी गाडी पुढच्या ओठावर घासते, नाहीतर मधोमध पोटावर टेकते. नाक वर उचलण्याची सोय ९११ मध्ये पर्याय म्हणून मिळते, पण ती देते जेमतेम ४० मिलिमीटर.

टायरचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. ९११ च्या कॅरेरा एस या प्रकाराचे मागचे टायर ३०५ मिलिमीटर रुंद असतात. टायर जितका रुंद, तितके जास्त पाणी त्याला बाजूला सारावे लागते, आणि नक्षी झिजलेली असेल तर साचलेल्या पाण्यावर तो सरळ तरंगू लागतो. पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली दिसत नाही. तिथे बारीक कडेच्या टायरची भिंत चिरली, तर डिकीतला पंप आणि चिकट द्राव यांचा काहीही उपयोग नाही, कारण तो द्राव फक्त तळव्यातले छिद्र बुजवतो. स्टेपनी तर या गाड्यांना बहुधा नसतेच. यापेक्षा जून ते ऑक्टोबर गाडी घाटावर आणून, बॅटरीला मेंटेनर, म्हणजे ती भरलेली राखणारा छोटा चार्जर, लावून ठेवावी. पाऊस कोल्हापुरातही पडतो, पण त्यात मीठ नसते.

वंगण (चिपळूण):

माझा व्यवसाय गॅरेजचा आहे. दोघांचेही लेखन वाचताना मला एकच विचारावेसे वाटले, की पुढचा बंपर शेवटचा कधी उतरवला होता? पोर्शेच्या ९११, बॉक्स्टर, केमन यांचे इंजिन मागे किंवा मध्यावर असले तरी रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर (एसीचा गॅस थंड करणारी पातळ पट्ट्यांची जाळी) पुढच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत, जमिनीपासून वीतभर उंचीवर असतात. समोरची जाळी स्वच्छ दिसते. बंपर काढला की मात्र आत सुरूच्या काड्या, आंब्याची कुजलेली पाने आणि जांभ्याची तांबडी माती यांचा ओला थर कंडेन्सरला लेप लावल्यासारखा चिकटलेला सापडतो. मऊ ब्रशने तो काढू लागले की खालच्या ओळीतल्या पातळ पट्ट्या बोटाच्या स्पर्शानेही झडतात. एसीचा गॅस गळाला म्हणून कंपनीच्या वर्कशॉपात गेलेल्या मालकाला नवे कंडेन्सर बसवून मिळते, आणि पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत तेही त्याच वाटेने जाते. हे काम वर्षातून दोनदा, एकदा मेअखेर आणि एकदा दिवाळीनंतर, गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने करावे. प्रेशर पंप मारू नये, पट्ट्या आडव्या होतात.

घाटमाथा यांनी खड्ड्यांचे लिहिले, त्यात जॅकची भर घालतो. या गाड्यांच्या पोटाखाली सलग आच्छादन असते आणि उचलण्याच्या जागा ठरलेल्या असतात. नेहमीचा ट्रॉली जॅक पुष्कळदा खाली शिरतच नाही. पंक्चरवाल्याने कुठेही जॅक लावला, तर टायरपेक्षा आच्छादनाचे बिल मोठे येते. लाकडी फळीवर चाके चढवून गाडी आधी दोन इंच वर घ्यावी.

आणि पाणी भरलेल्या गाडीचे इंजिन कृपा करून कोणी सुरू करून पाहू नये. जुलै २०२१ च्या पुरानंतर आमच्या गावात हे सांगावे लागत नाही. इंजिनात शिरलेले पाणी दाबले जात नाही, वाकतो तो पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड.

आडवाट (मालवण):

इतकी पथ्ये पाळायची असतील तर मुळात ही गाडी कोकणात घ्यावीच कशाला? त्याच पैशात चारही चाकांना जोर मिळणारी एखादी जीप घेऊन वाळूपर्यंत जाता येईल.

सुरूबन (रत्नागिरी):

आडवाट यांना एवढेच सांगतो की हिवाळ्यात पहाटे आरे-वारेचा रस्ता मोकळा असताना वळणांत बुटकी गाडी ज्या शांतपणे रस्ता धरते, ती मजा उंच जीपमध्ये नाही. तिथे वेगाचा संबंधही येत नाही.

वंगण यांचे बंपरविषयीचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, आणि माझ्याच बाजूला ते जोर देते. तो ओला थर उभ्या गाडीत चार महिने तसाच बसून राहतो. महामार्गावर जाण्याचा आग्रह मी धरलेलाच नाही. ओळखीचा, खड्डे पाठ असलेला वीस किलोमीटरचा तुकडा पुरेसा आहे.

घाटमाथा (कोल्हापूर):

पावसाळ्यात खड्डे पाठ होत नाहीत, कारण ते रोज नव्या जागी पडतात. शिवाय चालत्या गाडीच्या पुढच्या कोपऱ्यांत तीच माती आणि त्याच काड्या आणखी भरतात, तेव्हा वंगण यांच्या अनुभवाने सुरूबन यांची बाजू कशी भक्कम होते हे मला समजलेले नाही. मेअखेर बंपर उतरवून, कंडेन्सर धुऊन, वाळवून गाडी घाट चढवली तर दोन्ही आक्षेप मिटतात. आंबा घाटातून यायचे असेल तर मात्र पहिली झड लागण्याआधी निघावे.