विशाखापट्टणमची कुरसुरा पाणबुडी: आईला घेऊन आत जाता येईल का?

गोदाकाठ:
दिवाळीनंतर विशाखापट्टणमला जाणार आहे. बरोबर आई (वय ७१, गुडघेदुखी) आणि नऊ वर्षांचा मुलगा. रामकृष्ण बीचवरची आयएनएस कुरसुरा बघायचीच आहे. आईला आतून फिरणं जमेल का? आणि मुलाने कुठेतरी ऐकलंय की १९७१ च्या युद्धात पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी हिनेच बुडवली. खरं का?

भटका_पंकज:
सोमवार टाळा, बंद असते. रस्त्यापलीकडे टीयू-१४२ विमानही आहे, तेही आतून बघता येतं.

खाडीवाला:
ताई, मी नौदलात इलेक्ट्रिकल शाखेत होतो. त्यातली नऊ वर्षं याच फॉक्सट्रॉट वर्गाच्या दुसऱ्या बोटीवर काढली. आतली रचना तीच.

गाझी कुरसुराने बुडवली नाही. गाझी ३ डिसेंबरच्या रात्री विशाखापट्टणम बंदराबाहेर बुडाली. आपल्या 'राजपूत' युद्धनौकेने टाकलेल्या डेप्थ चार्जने (पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बने) की आतल्या स्फोटाने, हा वाद अजून चालू आहे. कुरसुरा तेव्हा पश्चिमेला होती. नोव्हेंबरभर अरबी समुद्रात गस्त घालून ती डिसेंबरच्या सुरुवातीला मुंबईला पोचली. वरून आदेश आल्याशिवाय किंवा स्वतःवर हल्ला झाल्याशिवाय टॉर्पेडो सोडायचा नाही, असा हुकूम होता. बावीस टॉर्पेडो मावणारी बोट घेऊन पाण्याखाली गप्प राहायचं आणि ऐकत बसायचं. मुलाला हे जरूर सांगा. दुसऱ्याचा पराक्रम तिच्या नावावर चढवला की तिने स्वतः काय केलं ते कोणी विचारत नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

आत गेलात की सगळे पेरिस्कोपकडे धावतात. तुम्ही पायाखाली बघा. तिथे दोन कंपार्टमेंटच्या तळाशी ४४८ बॅटरी सेल असायचे, एकेक काही शे किलोचा. पाण्याखाली बोट चालवणाऱ्या विजेच्या मोटारी त्यांच्यावरच चालतात. चार्ज उतरला की निदान स्नॉर्केल, म्हणजे हवा ओढणारी नळी, पाण्याबाहेर काढायचा आणि डिझेल इंजिनं लावायची. चार्जिंगला हायड्रोजन सुटतो. हवेत तो चार टक्क्यांवर गेला की एक ठिणगी पुरे. त्याचे आकडे बघणं हे माझं काम. गाझीत असाच स्फोट झाला असावा, असं मानणारेही आहेत. ते वाचलं की शत्रूची बोट असूनही आतल्या माझ्यासारख्या माणसाचा विचार येतो.

गोड्या पाण्याची टंचाई, त्यामुळे अंघोळ विसरायची. सुट्टीवर घरी गेलो की आई माझी बॅग पडवीतच उघडायला लावायची, इतका डिझेलचा वास.

आता तुमच्या आईंचं. आत शिरायला जिना आहे, पण कंपार्टमेंटमधली दारं गोल आणि अरुंद. एक पाय आत टाकायचा, वाकायचं, मग दुसरा ओढून घ्यायचा. गुडघे दुखत असतील तर मी आग्रह करणार नाही. त्यांना बाहेरून सावकाश फिरवा. ९१ मीटरची अख्खी बोट, खालचं पोट आणि मागचे तीन पंखे (प्रोपेलर) हे आम्हालाही गोदीत गेल्याशिवाय दिसत नसे.

आत माहिती देणारे बहुतेक आमच्यातलेच निवृत्त लोक असतात. "चार्जिंगच्या वेळी तुम्ही कुठे असायचात?" एवढं विचारा. पुढे ते आपणहून बोलतील.

गोदाकाठ:
काका, काल जाऊन आलो. आईने जिन्याकडे बघूनच हात जोडले, पण बाहेरून दोन फेऱ्या मारल्या आणि तिन्ही पंख्यांचे फोटो काढायला लावले. मुलाने तुमचा प्रश्न विचारला. ते गृहस्थ क्षणभर थांबले, मग त्याला हाताला धरून मोटारींच्या कंपार्टमेंटमध्ये घेऊन गेले आणि एका पॅनेलसमोर उभं केलं. "इथे," म्हणाले. मागची रांग खोळंबली तरी दहा मिनिटं बोलत होते. हा प्रश्न कोणी शिकवला म्हणून विचारलं, तेव्हा तुमच्याबद्दल सांगितलं. लगेच म्हणाले, कुठल्या बोटीवर होते? मला सांगता आलं नाही.

खाडीवाला:
आयएनएस वागली.