दोन खराब प्रती, एक टॉरेंट फाइल: आजोबांची बैठक परत जुळेल का?

जिन्सीवाला (ग्वाल्हेर):
नमस्कार मंडळी. 1987 च्या गणपतीत आजोबा ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या घरी गायले होते. पाऊण तासाची बैठक, शेवटी काफी रागातला टप्पा हा गायनप्रकार. कॅसेटवरून वेव्ह फाइल केली, 476 एमबी. कॅसेट पुढे बुरशीने गेली. आता हार्ड डिस्कला बॅड सेक्टर (न वाचता येणारे कप्पे) आलेत आणि पेन ड्राइव्हवरची प्रत मध्येच खरखरते. 2021 मध्ये चुलतभावाला ती पाठवण्यासाठी केलेली टॉरेंट फाइल मात्र मेलमध्ये शाबूत आहे, बिटटॉरेंटच्या नव्या दुसऱ्या आवृत्तीची. तिच्यात गाणं नसतं, फक्त त्याच्या तुकड्यांच्या हॅश, म्हणजे डेटावरून काढलेले छोटे ठसे असतात. त्यातल्या हॅशवरून हरवलेलं परत काढता येईल का?

बडोदेकर:
हॅशवरून डेटा उलटा निघत नाही. 32 बाइटांत 256 केबी मावणार कुठून? पण कुठला तुकडा खरा हे ती छातीठोक सांगते, आणि तुमच्याकडे प्रती दोन आहेत. दर 16 केबीची एक हॅश हे पान, मग दोन-दोन जोडून वरची हॅश, असं ते हॅशचं झाड. मूळ कल्पना राल्फ मर्कल यांची, 1979 ची. तुमच्या फाइलीत दर 256 केबीच्या तुकड्याचा माथा, म्हणजे सगळ्यात वरची हॅश, लिहिलेला आहे. ज्या प्रतीतला तुकडा जुळेल तो घ्या. आधी डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने डिस्कची पूर्ण प्रत काढा, मरत्या डिस्कवर प्रयोग नको!

जिन्सीवाला:
1,817 पैकी फक्त 3 तुकडे दोन्हीकडे चुकीचे निघाले.

बडोदेकर:
त्या तिघांत दोन्ही प्रती कुठे वेगळ्या आहेत ते 4,096 बाइटांच्या सेक्टरागणिक पाहा. सहा सेक्टर वेगळे असले तर 'हा की तो' करत 64 जोडण्या होतात. एक पान बदललं की त्याची आणि वरच्या चार पायऱ्यांचीच हॅश नव्याने काढायची. माथा जुळला की थांबा.

जिन्सीवाला:
दादा, दोन जुळले! तिसऱ्यात एक सेक्टर दोन्हीकडे गेलाय.

बडोदेकर:
चार बाइट हरवले असते तर 4,29,49,67,296 शक्यता संगणकाने तपासल्या असत्या. 4,096 बाइटांपुढे इलाज नाही. पण सीडीच्या दर्जाच्या स्टिरिओत सेकंदाला 1,76,400 बाइट लागतात, म्हणजे गेलं ते 0.023 सेकंद. आजूबाजूच्या आवाजावरून भरा आणि ती प्रत वेगळ्या नावाने ठेवा, कारण तिची हॅश जुळणार नाही.

जिन्सीवाला:
ती जागा सापडली. नुसता तानपुरा चालू आहे तिथे, काकूने कपबशा ठेवल्याचा आवाज येतो त्याच्या जरा आधी. टप्पा अख्खा आहे. रात्री आईला ऐकवतो.